गिटार कॅबिनेटची पाठ: उघडी, बंद की अर्धी?

गिटारचा आवाज मनासारखा लागेना झाला की आपल्याकडं ठरलेला क्रम आहे. आधी पायानं दाबायचं इफेक्टचं पेडल बदलायचं, मग पिकअप (तारांची कंपनं पकडणारा गिटारवरचा भाग), मग स्पीकर, आणि खिसा रिकामा झाला की ‘कोल्हापुरात गिटारचं धड सामानच मिळत नाही’ म्हणून पुण्या-मुंबईच्या दुकानांना फोन लावायचे. या सगळ्यात कॅबिनेटची, म्हणजे स्पीकर बसवलेल्या खोक्याची, मागची फळी कुणाला आठवत नाही, कारण ती कायम भिंतीकडं तोंड करून उभी असते. खरं तर आठ-दहा स्क्रू काढले की ती हातात येते. ती असण्या-नसण्यानं आवाजात पडणारा फरक बऱ्याच पेडलांपेक्षा मोठा असतो, आणि नाही आवडला तर जिथल्या तिथं परत बसवता येते. पिकअप एकदा सोल्डर केल्यावर इतक्या सहज माघार घेता येत नाही.

पण फळी काढली तर ‘बेस जातो’ आणि लावली तर ‘बेस येतो’ एवढंच सांगून लोक थांबतात. गोष्ट त्याहून मजेशीर आहे.

स्पीकरचा कागदी कोन पुढं सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते. त्याच क्षणी कोनच्या मागची हवा विरळ होते. कोन मागं गेला की उलट. म्हणजे स्पीकर एक नाही, दोन आवाज काढतो. एक पुढचा, एक मागचा; जोर साधारण सारखा, पण चाल नेमकी उलटी. पुढचा आवाज आपण ऐकतो, त्यासाठी पैसे मोजतो. मागच्या आवाजाचं काय करायचं, एवढाच कॅबिनेटच्या पाठीचा प्रश्न आहे. मोकळं सोडायचं, कोंडून ठेवायचं, की थोडी वाट द्यायची?

मोकळं सोडलं तर काय होतं ते आकड्यांत पाहू. उंच स्वर खोक्याला फारसे वळसे घालत नाहीत. खालचे स्वर मात्र कडेनं वळून पुढं येतात आणि पुढच्या लाटेला भेटतात. बारा इंची एकाच स्पीकरच्या कॅबिनेटमध्ये मागून पुढं येणाऱ्या लाटेला साधारण ६० सेंटिमीटर जास्त चालावं लागतं असं धरू. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. गिटारची सर्वांत जाड तार, खालचा ई, ८२ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ८२ कंपनांवर वाजतो. त्याची एक लाट जवळपास ४.२ मीटर लांब. एवढ्या लांब लाटेपुढं ६० सेंटिमीटर म्हणजे थोडकंच अंतर, म्हणून मागची उलटी लाट पुढं पोचते तेव्हाही बरीचशी उलटीच असते. बेरजेच्या जागी वजाबाकी होते.

आता २८५ हर्ट्झ घ्या. इथं लाट १.२ मीटरची, आणि ६० सेंटिमीटर म्हणजे तिच्या बरोबर निम्मं अंतर. मुळात उलटी असलेली लाट आणखी अर्धा फेरा उशिरा आली की सुलटी होते. ती पुढच्या लाटेत मिसळते आणि आवाज वाढवते. या सरळ हिशेबानं ८२ हर्ट्झचा दाब २८५ हर्ट्झच्या निम्म्याहूनही कमी भरतो. खरा कॅबिनेट इतका शिस्तीत वागत नाही. खोलीच्या भिंती, जमीन, खोक्याचा खोलपणा सगळे आपापला हात मारतात. तरी कल ध्यानात येतो. उघडी पाठ तळाचा आवाज कमी करते आणि त्याच्या वरच्या पट्ट्यात, जिथं कॉर्ड भरलेली वाटते तिथं, थोडी भर घालते. उघड्या कॅबिनेटवर स्वच्छ कॉर्ड वाजवली की ती खोलीभर पसरल्यासारखी वाटते, त्याचं हे एक कारण. दुसरं कारण अगदी सरळ आहे: मागचा आवाज भिंतींवर आपटून सगळीकडून येतो.

आणि खालचा ई पार नाहीसा का होत नाही? कारण त्या तारेतून ८२ बरोबर १६५, २४७, ३३० असे वरचे स्वरही निघत असतात. ते शाबूत असले की कान तळाचा स्वर स्वतःच जुळवून घेतो. गिटारवाले उघड्या पाठीवर इतकी वर्षं सुखानं वाजवत आले त्यामागं कानाची ही उदारता आहे. बेस गिटारला ती पुरत नाही.

आता पाठ बंद करू. मागचा आवाज खोक्यात कोंडला गेला, वजाबाकी संपली. पण खोक्यातली हवा नुसती पडून राहत नाही. कोन मागं आला की ती दाबली जाते आणि त्याला पुढं ढकलते. पुढं गेला की मागं ओढते. स्पीकरला स्वतःचा ताण असतोच, त्यात ही हवेची स्प्रिंग मिळते. ज्या कंपनसंख्येला स्पीकर आपणहून सहज डोलतो, ती त्यामुळं वर सरकते. समजा स्पीकरची ही संख्या ७५ हर्ट्झ आहे, सेलेस्शन कंपनीच्या ‘ग्रीनबॅक’ या प्रसिद्ध गिटार स्पीकरची आहे तशी. कोंडलेल्या हवेचा ताठरपणा स्पीकरच्या ताणाइतकाच असेल, तर ती ७५ वरून १०६ वर जाते. तोच स्पीकर निम्म्या आकाराच्या खोक्यात घातला तर १३० वर. आवाजाला फुगवटा येतो तो साधारण या जागी, आणि त्याच्याखाली आवाज झपाट्यानं उतरतो.

छोटं खोकं मागून गच्च बंद केल्यावर बेस खोल होण्याऐवजी कोंदट होतो तो यामुळं. ‘पाठ लावली, पण आवाज डबाबंद झाला’ ही तक्रार खरी असते. बाहेरून ५० बाय ५० बाय २८ सेंटिमीटरच्या कॅबिनेटमध्ये आत साधारण ५० लिटर हवा असते. बारा इंची गिटार स्पीकर बंद करायला हे आधीच तंग. त्याहून लहान प्रॅक्टिस कॉम्बोची (अँप आणि स्पीकर एकाच खोक्यात असलेल्याची) पाठ बंद करायच्या फंदात मी तरी पडणार नाही.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्यूबच्या अँपवर हा फरक जास्त ऐकू येतो. ट्रान्झिस्टर अँप कोनला बऱ्यापैकी लगाम घालून धरतो. ट्यूबचा अँप ढिला सोडतो, त्यामुळं फुगवटा अधिकच फुगतो. एकाच कॅबिनेटबद्दल दोघांची मतं जुळत नसतील तर कोणाचा अँप कोणता हे आधी विचारावं.

मुळात उघडी पाठ आवाजासाठी ठेवली गेली असं मानायचं कारण नाही. जुन्या कॉम्बोमध्ये अँप आणि स्पीकर एकाच खोक्यात. ट्यूब तापतात, त्यांना वारा हवा आणि बदलायला हात जायला हवा, म्हणून मागं मोकळं. पुढं तोच आवाज कानाला सवयीचा झाला. फेंडर कंपनीचे कॉम्बो, व्हॉक्स कंपनीचा एसी-३० ही सगळी उघड्या किंवा अर्धवट उघड्या पाठीची घराणी. मग १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात फेंडरच्या बासमन या अँपचं सर्किट समोर ठेवून जेटीएम-४५ हा अँप तयार झाला. बासमनमध्ये दहा इंची चार स्पीकर उघड्या पाठीत होते. मार्शलनं बारा इंची चार स्पीकर बंद खोक्यात घातले. सर्किट सख्ख्या भावाइतकं जवळचं, आवाज मात्र वेगळ्या घरचा. स्पीकर आणि ट्यूबही निराळ्या होत्या, सगळं श्रेय फळीला देता येणार नाही. पण हाताची मूठ छातीवर आपटावी तसा तो ‘थप्प’ बंद खोक्याशिवाय येत नाही.

इथं एक गैरसमज बाजूला करतो. आपण मिरजेच्या शेजारचे. तंबोऱ्याचा भोपळा घुमतो, म्हणून तंबोरा वाजतो, हे इथं पोराटोरांनाही माहीत असतं. त्यामुळं कॅबिनेटचं लाकूडही तसंच ‘वाजलं’ पाहिजे असं अनेकांना वाटतं, आणि मागं पातळ फळी लावली जाते. कॅबिनेटचं काम उलट आहे. तिथं वाजायचं ते स्पीकरनं. फळीनं गप्प बसायचं. जुन्या फेंडरचं पाइनचं लाकूड थोडंफार बोलतं आणि त्यावर जीव टाकणारेही आहेत, पण सहा मिलिमीटरची ढिली फळी बोलते ते संगीत नसतं, नुसती थरथर असते.

तेव्हा बंद पाठीसाठी किमान १२ मिलिमीटरचं प्लाय घ्या, मोठ्या कॅबिनेटला १८. एमडीएफ स्वस्त आणि जड असतं, आवाजालाही वाईट नाही. पण कोल्हापूरचा पावसाळा त्याला सोसत नाही. जुलैत जमिनीला टेकलेली एमडीएफची कड फुगली की परत जाग्यावर येत नाही. दुकानात ‘सातशेदहा’चं मरीन प्लाय मागा, ७१० हा भारतीय मानकाचा क्रमांक आहे, शिक्का बघून घ्या. अख्खी आठ बाय चारची शीट घ्यायची गरज नाही. फर्निचरच्या कामातून उरलेले तुकडे सुतारांकडं पडलेले असतात आणि आपलं काम तेवढ्यावर भागतं.

सुतारमामांना मात्र आधी नीट सांगा. आमच्या इथले एक मिस्त्री सगळं ऐकून घेऊन म्हणाले होते, “पाठ काढायची हाय का बसवायची, एकदा काय ते ठरवा की!” त्यांचंही बरोबर. म्हणून त्यांना सांगायचं ते असं: एक अख्खी पाठ नको, तीन आडव्या फळ्या हव्यात. वरची, मधली, खालची. तिन्ही वेगवेगळ्या निघणाऱ्या. खिळे नाहीत, फेविकॉल नाही, फक्त स्क्रू, आणि ते दहा-बारा सेंटिमीटरवर एक. फळ्या टेकायला आतून चौफेर लाकडी पट्ट्या, आणि दोन फळ्यांच्या जोडामागंही एक आडवी पट्टी. पट्टीवर खिडकीला लावतात ती फोमची चिकटपट्टी. तिन्ही लावल्या की बंद पाठ. मधली काढली की फेंडरसारखी अर्धवट. सगळ्या काढल्या की उघडी. सुतारकाम एकदाच, कॅबिनेट तीन.

जोड घट्ट हवेत हे पुन्हा सांगतो. बंद खोक्याला बारीक फट राहिली तर ते धड बंदही नाही आणि उघडंही नाही. खालचा स्वर जोरात लागला की फटीतून हवा फुसफुसते आणि तुम्हाला वाटतं स्पीकर फाटला. ‘स्पीकरला हवा लागते’ म्हणून पाठीला ड्रिलनं चार भोकं पाडणारेही भेटतात. स्पीकरला तशी हवा लागत नाही. भोक पाडून बेस वाढवण्याची पद्धत आहे, पण तिचं गणित असतं: खोक्यातली हवा, भोकाचं क्षेत्रफळ, नळीची लांबी, स्पीकरचे गुणधर्म. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ते मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात पुढं नेलं. त्यांच्या नावाचं ‘थील’ कॅबिनेट इलेक्ट्रो-व्हॉइसच्या ईव्हीएम-१२एल या स्पीकरबरोबर (मतदानाच्या यंत्राशी संबंध नाही) गिटारवाल्यांत नावाजलं. पण तो स्पीकर त्या कामाला जुळणारा होता. कुठल्याही गिटार स्पीकरला नळी बसवून तसा आवाज निघत नाही.

प्रत्यक्ष कामात दोन-तीन गोष्टी जपायच्या आणि त्यातली पहिली जिवाशी आहे. पाठ बंद करायची ती वेगळ्या कॅबिनेटची. अँप आणि स्पीकर एकाच खोक्यात असलेला ट्यूबचा कॉम्बो मागून गच्च बंद केला की आतली उष्णता बाहेर जायला जागा राहत नाही. तिथं फार तर खालची फळी मोठी-लहान करून बघावी, वरच्या भागाला हात लावू नये. आत ३०० ते ५०० व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ टिकू शकतो. शिवाय काही कॉम्बोंच्या वरच्या फळीला आतून धातूचा पत्रा किंवा फॉइल लावलेली असते. ती फळी निघाली की गुणगुण वाढते आणि माणूस उगाच अर्थिंग तपासत बसतो.

दुसरं, स्पीकरची वायर काढलेली असताना ट्यूबचा अँप चालू करायचा नाही. लोड नसताना त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. बऱ्याच कॅबिनेटांत वायर खुपसायचा जॅक मागच्या फळीवरच असतो, त्यामुळं फळीबरोबर वायरही निघते आणि ते कुणाच्या ध्यानात राहत नाही. तीन फळ्या करायच्या तर जॅक खालच्या फळीवर किंवा बाजूला कायमचा हलवून घ्या. पाठ बदलल्यानं ८ ओहमचा स्पीकर १६ चा होत नाही. तिथं काही फेरफार करायचा नाही.

तिसरं, स्पीकरच्या मागं भलंमोठं चुंबक आहे. उघड्या पाठीतून स्क्रूड्रायव्हर आत नेला की तो हातातून खेचला जातो आणि कोनला भोक पाडून मोकळा होतो. करवत, ड्रिल चालवायच्या आधी स्पीकर काढून जाड पिशवीत बांधून ठेवा. लाकडाचा भुसा एक वेळ झटकता येतो. लोखंडाचा बारीक कीस चुंबकाच्या फटीत गेला की कायमची खरखर लागते.

पाठ उघडताना वॅटचाही विचार करा. बंद खोक्यातली हवा कोनला फार लांब जाऊ देत नाही. ती काढली की खालच्या स्वरांवर कोन जास्त हलतो. ड्रॉप ट्यूनिंगचं (तारा नेहमीपेक्षा खाली लावून) जड मेटल वाजवणाऱ्यानं, आणि तेही वॅटेज जेमतेम पुरणाऱ्या स्पीकरवर, पाठ पूर्ण उघडी टाकू नये.

मग कुठली पाठ निवडायची? माझं मत असं की हे गाण्यापेक्षा जागेवर ठरतं. राजारामपुरीतल्या एखाद्या फ्लॅटची खोली घ्या: फरशी, सिमेंटच्या भिंती, एक पलंग. उघडं कॅबिनेट भिंतीपासून अर्ध्या मीटरवर ठेवलं तर मागची लाट भिंतीला लागून परत यायला साधारण एक मीटर जास्त चालते. १७० हर्ट्झच्या आसपास ती पुढच्या लाटेला मदत करते आणि ३४५ च्या आसपास तिला मारते. कॅबिनेट तीसच सेंटिमीटरवर आणलं की हे दोन्ही आकडे वर सरकतात. म्हणजे उघड्या पाठीच्या कॅबिनेटला एक बटण जास्त असतं: भिंतीपासूनचं अंतर. ते फुकटचं आहे, आधी तेच फिरवून बघा. भिंतीला चिकटवून ठेवलं तर मात्र पाठ उघडी ठेवण्यात अर्थ उरत नाही.

उलट गणपतीच्या मांडवातलं स्टेज घ्या. मागं कापडाचा पडदा, पडद्यामागं गल्ली. तुमचा अर्धा आवाज कापडातून गल्लीत जातो तो परत येतच नाही. समोर पब्लिक, पलीकडच्या मंडळाची डॉल्बी, आणि मध्ये तुमचा बिचारा एक बारा इंची स्पीकर. इथं बंद पाठ. तिचा आवाज आखीव, समोर जाणारा, आणि खालचा जोर टिकवणारा असतो. फक्त ड्रमवाला तक्रार करणार, कारण तो मागं बसलेला असतो आणि उघड्या पाठीतून त्याला गिटार आपोआप मिळत होतं. त्याला मॉनिटर द्या, नाहीतर मधली फळी काढा.

पुढं टोचणारा उंच आवाज मात्र पाठीनं जात नाही. बारा इंची कोन सव्वा-दीड किलोहर्ट्झच्या वर टॉर्चसारखा सरळ झोत टाकतो, पाठ कशीही असो. त्यावर उपाय कॅबिनेट तिरकं ठेवणं.

तुलना करताना कानाला फसू देऊ नका. जो आवाज जरासा मोठा, तोच आपल्याला चांगला वाटतो. अँपचं एकही बटण हलवायचं नाही, वाजवायला मित्राला बसवायचं किंवा लूपर (एकदा वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकवणारं पेडल) लावायचा, आणि आपण ऐकणारा बसतो तिथं जाऊन बसायचं. अँपच्या डोक्यावर उभं राहून ऐकलं की उंच स्वर कानाखालून निघून जातात आणि सगळाच आवाज मऊ वाटतो. आवाज मोठा-लहान झाला तर तेवढा व्हॉल्यूम जुळवून पुन्हा ऐका. मोबाइल एका जागी ठेवून तिन्ही अवस्था रेकॉर्ड केल्या तर दुसऱ्या दिवशी शांतपणे ऐकता येतात. फक्त मोबाइल खालचा आवाज नीट पकडत नाही, तिथं कानावरच भिस्त.

बंद पाठीत आवाज कोंदट वाटला तर लगेच फळी काढू नका. आधी फळीच्या आतल्या बाजूला पॉलिएस्टरच्या कापसासारख्या वॅडिंगचा एक थर स्टेपल करून बघा. मागच्या फळीवर आपटून कोनमधून बाहेर येणारा मधल्या पट्ट्याचा आवाज तो शोषतो. अख्खं खोकं मात्र ठासून भरू नका. हाय-फायमध्ये ते चालतं, गिटारचा जिवंतपणा त्यात बराच जातो. एवढं करूनही नाही पटलं तर मधली फळी काढा. माझ्या कानाला गावातल्या बऱ्याच खोल्यांमध्ये हीच अर्धी पाठ बरी वाटते: एक तृतीयांश उघडी, दोन तृतीयांश झाकलेली. तळ थोडा टिकतो, पसाराही राहतो.

रेकॉर्डिंगला उघड्या पाठीचा एक जास्तीचा फायदा आहे. एक माइक नेहमीसारखा पुढं, दुसरा मागं, कोनकडं रोखलेला. मागच्या माइकला उलटी लाट मिळते, त्यामुळं दोन्ही सरळ मिसळले की आवाज पातळ पडतो. साउंडवाल्याला मागच्या चॅनेलचं फेजचं, म्हणजे लाट उलटवणारं, बटण दाबायला सांगा, आणि मगच मागचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) हळूहळू वर घ्या.